एका फाइलचं पॅकेज

फाइल एकच होती. इमॅक्स या संपादकासाठी इमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेली, हजारेक ओळींच्या आतली. तिचं काम सरळ होतं. लांबलचक दस्तऐवजात ठिकठिकाणी खुणा करून ठेवलेल्या पारिभाषिक संज्ञा गोळा करायच्या, त्यांची वर्णानुक्रमे सूची लावायची आणि ती शेवटी जोडायची. युरोपातल्या एका संशोधकानं ती आपल्या प्रबंधासाठी लिहिली आणि पुढे सगळ्यांसाठी खुली केली. पुण्यातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका तांत्रिक लेखिकेला ती सापडली, तिच्या रोजच्या कामात रुळली, आणि हा विस्तार डेबियनमध्ये असायलाच हवा असं तिनं मनावर घेतलं.

एका फाइलचं पॅकेज बांधायला किती वेळ लागावा? 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत तिनं काम हाती घेतलं. विस्तार डेबियनच्या भांडारात दाखल झाला तेव्हा होळी तोंडावर आली होती. एवढ्या काळात तिनं स्वतः लिहिलेला कोड जेमतेम पानभर भरेल. बाकीचा वेळ दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचण्यात, प्रश्न विचारण्यात आणि उत्तरांची वाट पाहण्यात गेला. पॅकेज बांधणं म्हणजे मुख्यतः हेच असतं, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

डेबियन हे लिनक्स वितरण 1993 साली इयन मरडॉकनं सुरू केलं. ते कुठल्या कंपनीचं उत्पादन नाही. जगभरचे स्वयंसेवक ते चालवतात. जून 2023 मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीत 64 हजारांहून जास्त पॅकेजं होती, आणि त्यातल्या प्रत्येकाची जबाबदारी कुणा ना कुणा माणसाच्या किंवा गटाच्या नावावर असते. शिवाय डेबियनमध्ये आलेलं तिथंच थांबत नाही. उबुंटूच्या दर सहा महिन्यांनी निघणाऱ्या आवृत्त्या डेबियनमधूनच साहित्य घेतात. सी-डॅकचं 'बॉस' लिनक्सही डेबियनच्याच पायावर उभं आहे. त्यामुळे पॅकेज बांधणाऱ्यानं केलेली निवड, चांगली असो की वाईट, अशा लोकांपर्यंत पोचते ज्यांना तो कधी भेटणार नाही.

तिच्या कंपनीत नव्यानं लागलेल्या एका मुलानं तिला जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "ताई, इमॅक्समधूनच इन्स्टॉल केलं तर अर्ध्या मिनिटात येतं की. मग एवढा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. 2012 साली आलेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून इमॅक्समध्ये स्वतःचा पॅकेज व्यवस्थापक आहे. त्याला मेल्पा हे भांडार जोडलं की हजारो विस्तार हाताशी येतात. मेल्पा लेखकाच्या गिटमधला ताजा कोड उचलतं आणि आवृत्तीचा क्रमांक म्हणून तारीख आणि वेळ लावतं. लेखकानं काल रात्री केलेला बदल आज सकाळी वापरणाऱ्याच्या यंत्रावर असतो. ज्याला ताजं हवं आहे आणि मोडलं तर दुरुस्त करायची तयारी आहे, त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे.

"तुला येतं रे अर्ध्या मिनिटात," ती म्हणाली. "आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरचं इंटरनेट बंद असतं. सगळं सॉफ्टवेअर त्यांच्या स्वतःच्या मिररवरून येतं. तिथल्या पोरांनी काय करायचं? आणि आज घेतलेलं वर्षभरानं असंच्या असं परत मिळेल का, ते सांग."

हा दुसरा प्रश्न तिच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचा आहे. विस्ताराचा लेखक आजच्या दिवसात राहतो. त्याला चूक दिसली की तो दुरुस्त करतो, कल्पना सुचली की भर घालतो, कंटाळा आला की सोडून देतो. आणि हे सगळं करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. वितरण मात्र वर्षांच्या हिशेबानं चालतं. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीला 2028 पर्यंत पूर्ण आधार आहे आणि त्यापुढे दीर्घ मुदतीचा आधार 2030 पर्यंत. पॅकेज बांधणारी व्यक्ती या दोघांच्या मधोमध उभी असते. लेखकाच्या आजच्या एका क्षणाकडे बोट दाखवून तिला म्हणावं लागतं, की हा क्षण पुढची पाच वर्षं टिकेल. ते म्हणण्याआधी तिला काय काय पाहावं लागतं, तीच या कामाची खरी हकिगत आहे.

सुरुवात एका जाहीर नोंदीनं होते. पॅकेज करायचा इरादा डेबियनच्या बग नोंदवहीत लिहायचा: नाव काय, लेखक कोण, लायसन्स कोणतं, उपयोग काय. ही नोंद असली की दोन माणसं एकच काम वेगवेगळीकडे बसून करत नाहीत. इथं तिला फार वेळ लागला नाही.

लायसन्सनं मात्र वेळ घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. फाइलच्या माथ्यावर जीपीएलची तिसरी किंवा त्यापुढची आवृत्ती असं स्वच्छ लिहिलं होतं. पण लेखकाच्या गिट भांडारात टूलबारसाठी एक छोटं चित्रही होतं, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'व्यावसायिक वापर नाही' या अटीखाली घेतलेलं. डेबियनची मुक्त सॉफ्टवेअरची मार्गदर्शक तत्त्वं 1997 साली ठरली, आणि त्यातलं सहावं सांगतं की कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करता येणार नाही. शाळेत चालेल पण दुकानात चालणार नाही, अशी अट असलेली वस्तू मुख्य भांडारात जाऊ शकत नाही. मग ती सोळा पिक्सेलची का असेना. दुसरी अडचण जास्त नाजूक होती. एका फंक्शनच्या वर लेखकानं प्रामाणिकपणे टीप लिहिली होती की हे अमुक ठिकाणाहून घेतलं आहे. त्या ठिकाणी लायसन्सचा उल्लेखच नव्हता. लायसन्स नसलेला कोड म्हणजे कुणाचाही कोड नव्हे. कायद्यानं त्याचे सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

तिनं लेखकाला पत्र लिहिलं. अशा पत्राचा सूर जपावा लागतो. समोरच्या माणसानं आपलं काम फुकट दिलेलं असतं, आणि आपण त्याला सांगायला जातो की तुझ्या भेटीत दोन वस्तू दुसऱ्याच्या आहेत. तिनं आधी लिहिलं की हा विस्तार ती रोज वापरते आणि तो तिला का आवडतो. मग दोन्ही अडचणी मांडल्या आणि त्यावर उपायही सुचवले. लेखकाचं उत्तर सौजन्याचं आलं. चित्र त्यानं काढून टाकलं, कारण टूलबार तो स्वतःही वापरत नव्हता. फंक्शन नव्यानं लिहिलं, आणि ते आधीपेक्षा आटोपशीर झालं.

बाहेरच्याला हा काथ्याकूट वाटू शकतो. पण डेबियननं ही कसोटी खुद्द इमॅक्सलाही लावली आहे. इमॅक्सची अधिकृत पुस्तिका ज्या दस्तऐवज लायसन्सखाली येते, त्यात काही प्रकरणं बदलताच येणार नाहीत अशी तरतूद आहे. ग्नू प्रकल्पाचा जाहीरनामा हे त्यातलंच एक. 2006 साली डेबियनच्या सदस्यांनी यावर मतदान घेतलं. न बदलता येणारे भाग नसतील तर ते लायसन्स चालेल, असतील तर ती पुस्तिका मुक्त मानता येणार नाही, असा निकाल लागला. आजही डेबियनमध्ये इमॅक्स मुख्य भांडारात आहे आणि त्याची पुस्तिका वेगळ्या पॅकेजमधून अमुक्त विभागात मिळते. ज्या प्रकल्पातून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच जन्मली त्याच्या पुस्तिकेलाही सूट मिळाली नाही, तर संज्ञासूचीच्या विस्तारातल्या चित्राला ती कशी मिळणार? हा कठोरपणा मोलाचा आहे. त्याच्यामुळेच मुख्य भांडारातली कुठलीही वस्तू घेताना वापरणाऱ्याला वकिलाकडे जावं लागत नाही.

यानंतर आली आवृत्ती. लेखकानं गिटमध्ये 1.4 अशी खूण केली होती, पण फाइलच्या माथ्यावरची आवृत्तीची ओळ 1.3 वरच राहिली होती. माणसाला यानं काही फरक पडत नाही. इमॅक्सचा पॅकेज व्यवस्थापक मात्र तीच ओळ वाचतो, आणि डेबियनचं साधनही तीच वाचून फोल्डरचं नाव ठरवतं. दोन आकडे जुळले नाहीत तर उद्या एखादा दुसरा विस्तार '1.4 किंवा पुढची हवी' असं म्हणाला, की समोर असलेली वस्तूही सापडणार नाही. तिनं कळवलं, लेखकानं दुरुस्त केलं आणि 1.4.1 काढली.

लेखकाच्या भांडारात आणखी एक फोल्डर होतं, त्यात 'डॅश' या लोकप्रिय लिस्प लायब्ररीची प्रत ठेवलेली. लेखकाच्या बाजूनं यात सोय होती, वापरणाऱ्याला वेगळं काही आणावं लागू नये एवढाच हेतू. डेबियनचं धोरण अशा आत ठेवलेल्या प्रती टाळायला सांगतं, आणि कारण सोपं आहे. डॅशमध्ये उद्या काही दोष निघाला तर तो एका जागी दुरुस्त व्हायला हवा, पन्नास विस्तारांच्या पोटात लपलेल्या पन्नास प्रतींमध्ये नव्हे. म्हणून तिनं ते फोल्डर वगळून मूळ कोडचा गठ्ठा नव्यानं बांधला, आवृत्तीपुढे तशी खूण लावली, आणि डेबियनमध्ये आधीपासून असलेल्या डॅशच्या पॅकेजवर अवलंबित्व टाकलं.

पॅकेजचा सांगाडा मात्र झटकन झाला. इमॅक्सच्या विस्तारांसाठी डेबियनमध्ये डीएच-एल्पा नावाचं साधन आहे. बांधणीचे नियम सांगणारी फाइल त्यामुळे तीन ओळींत आटोपते. विस्ताराला कोणकोणत्या लायब्रऱ्या लागतात हे साधन फाइलच्या माथ्यावरून स्वतः वाचतं, फाइली योग्य जागी ठेवतं, चाचण्या असतील तर बांधणीतच चालवतं. या तीन ओळींमागे आधीच्या मंडळींची बरीच वर्षं आहेत. पूर्वी प्रत्येक पॅकेज बांधणारा स्वतःची स्क्रिप्ट लिहायचा, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी असायची.

चाचण्या तिच्या लॅपटॉपवर सगळ्या पास झाल्या. पण डेबियनची बांधणी लॅपटॉपवर चाललेली पुरत नाही. ती एका कोऱ्या, बंद जागेत व्हावी लागते, जिथं फक्त मूळ प्रणाली आणि पॅकेजनं मागितलेल्या वस्तू असतात. तिथं नेटवर्क नाही, वापरणाऱ्याची होम डिरेक्टरी नाही, कुठल्या भाषेची सेटिंग्ज नाहीत. एसबिल्ड हे साधन अशी जागा तयार करतं. तिथं पहिल्यांदा बांधणी लावली तेव्हा विस्तार सुरू होतानाच कोसळला, कारण लोड होता होता तो होम डिरेक्टरीत तात्पुरत्या साठ्यासाठी फोल्डर बनवायला जात होता आणि तिथं होमच नव्हतं. फोल्डर गरज पडेल तेव्हाच बनवायचं, हा बदल लेखकाला लगेच पटला.

दुसरी चाचणी सूची लावण्याची होती. तीन इंग्रजी संज्ञा: ॲरे, बफर, कर्सर. यातली बफर तेवढी मोठ्या अक्षरानं सुरू होणारी, बाकी दोन लहान. अपेक्षित क्रम ॲरे, बफर, कर्सर असा. बंद जागेत आलेला क्रम होता बफर, ॲरे, कर्सर. लाल अक्षरांत एक ओळ, आणि बांधणी बंद.

कारण असं. विस्तार ज्या फंक्शननं दोन शब्दांची तुलना करतो ते फंक्शन यंत्राच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे त्या यंत्रावर ठरवलेल्या भाषेच्या नियमांप्रमाणे, क्रम लावतं. इमॅक्समध्ये ते पंचविसाव्या आवृत्तीत आलं. लेखकाच्या यंत्रावर इंग्रजी लोकेल होतं, आणि इंग्रजीच्या नियमात शब्द लावताना लहान-मोठं अक्षर आधी पाहत नाहीत. बंद जागेतलं लोकेल होतं नुसतं 'सी', ज्याला कुठलीच भाषा येत नाही. ते अक्षरांचे सांकेतिक क्रमांक पाहतं, आणि त्या क्रमांकांत सगळी मोठी अक्षरं लहानांच्या आधी येतात.

इथं सोपी पळवाट होती. भाषेचे नियम पाळणारं फंक्शन काढायचं आणि सरळ क्रमांकांची तुलना करणारं घालायचं. दोन्ही बाजूंची अक्षरं लहान करून घेतली की चाचणी जगात कुठंही पास होते. तिनं तसं केलं नाही, आणि त्यामागे ती रोज ज्या भाषेत बोलते ती भाषा होती. युनिकोडमध्ये 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' च्या नंतर. 'जाळे' आणि 'जावक' हे दोन शब्द क्रमांकांनुसार लावले तर जाळे आधी येतं. मराठी सूचीत जावक आधी यायला हवं. लेखकाला मराठी येत नव्हती, पण भाषेप्रमाणे तुलना करणारं फंक्शन निवडून त्यानं जगातल्या सगळ्या भाषांसाठी दार उघडं ठेवलं होतं. चाचणी पास व्हावी म्हणून ते दार लावून घेणं तिला मान्य नव्हतं.

उत्तर त्याच फंक्शनमध्ये होतं. लहान-मोठं अक्षर सारखंच धर, असं त्याला एक जादा शब्द देऊन सांगता येतं. तो शब्द घातला की भाषेचे नियम जसेच्या तसे राहतात, आणि 'सी' लोकेलमध्येही ॲरे, बफर, कर्सर असाच क्रम येतो. शिवाय हा दोष फक्त चाचणीचा नव्हता. दूरच्या सर्व्हरवर 'सी' लोकेलमध्ये इमॅक्स वापरणाऱ्या प्रत्येकाला हीच विस्कटलेली सूची मिळत असणार. बंद जागेत बांधण्याचा आग्रह धरतात तो यासाठी. लेखकाचं यंत्र, बांधणाऱ्याचं यंत्र, त्यांच्या सवयी आणि सेटिंग्ज बाजूला सारल्यावर जे उरतं तेच परक्या माणसाकडे जाणार असतं.

हा एका शब्दाचा बदल तिनं पॅच म्हणून पॅकेजमध्ये ठेवला आणि त्याच दिवशी लेखकालाही पाठवला. डेबियनमध्ये प्रत्येक पॅचच्या माथ्यावर तो कुणी केला, कशासाठी, आणि मूळ लेखकाकडे पाठवला का, हे लिहायची पद्धत आहे. ही शेवटची ओळ तिला फार महत्त्वाची वाटते. पॅच फक्त पॅकेजमध्ये साचत गेले तर काही वर्षांत डेबियनमधला विस्तार आणि लेखकाचा विस्तार या दोन वेगळ्या वस्तू होतात, आणि वापरणाऱ्याची तक्रार नेमकी कुणाकडे न्यायची हे कुणालाच सांगता येत नाही.

ती अजून डेबियनची अधिकृत डेव्हलपर नाही, त्यामुळे तिला स्वतः पॅकेज चढवता येत नाही. एखाद्या डेव्हलपरनं ते तपासून, आपली डिजिटल सही करून चढवावं लागतं. त्याला स्पॉन्सर म्हणतात. सप्टेंबर 2023 मध्ये डेबियनची वार्षिक परिषद कोचीला भरली होती. तिथं ती गेली होती. ओळखपत्रं दाखवून एकमेकांच्या डिजिटल चाव्यांवर सह्या करतात, तशा तिच्या चावीवरही झाल्या होत्या, आणि इमॅक्सच्या पॅकेजांचा गट सांभाळणाऱ्यांपैकी काहींची ओळख झाली होती. त्यातल्याच एका डेव्हलपर बाईंनी स्पॉन्सर व्हायचं कबूल केलं. त्यांनी परत पाठवलेली टिपणं वाचण्यासारखी होती. पॅकेजच्या वर्णनात विस्तार 'शक्तिशाली' आहे असं लिहिलं होतं, ते काढायला सांगितलं. तो नेमकं काय करतो ते लिहा, म्हणाल्या. कॉपीराइटच्या वर्षांची नोंद एका चाचणीच्या फाइलपुरती वेगळी होती, तीही त्यांनी पकडली.

मग नव्या पॅकेजांची रांग. डेबियनमध्ये पहिल्यांदा येणारं प्रत्येक पॅकेज या रांगेत थांबतं आणि भांडार सांभाळणाऱ्या गटातला कुणीतरी त्यातली लायसन्सची माहिती पुन्हा मुळापासून तपासतो. रांग कधी भराभर सरकते, कधी नाही. ही माणसंही नोकरी सांभाळून हे करतात. काम होळीच्या सुमारास पूर्ण झालं ते नेमक्या वेळेला, कारण तेराव्या आवृत्तीसाठी गोठवण्याचे टप्पे 2025 च्या मार्चच्या मध्यापासूनच सुरू झाले, आणि एप्रिलच्या मध्यानंतर टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढची स्थिर आवृत्ती जिथं घडते त्या विभागात, नवी पॅकेजं घेणं बंद झालं. अनस्टेबल या पहिल्या विभागात आलेलं पॅकेज, त्यात गंभीर दोष निघाला नाही तर, काही दिवसांनी टेस्टिंगमध्ये सरकतं; निकड मध्यम असेल तर साधारण 5 दिवस. तिचा विस्तार तसा सरकला.

ज्यांना ही सगळी संथ चाल खटकते त्यांनी 2024 चा मार्च आठवावा. 29 मार्चला पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केलं की एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी चोरदार पेरलं आहे. दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून ते तिथवर पोचले होते. चोरदार सुरू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच. फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता. या आवृत्त्या डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचल्या होत्या, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. ही घटना लक्षात ठेवून ती लेखकाची प्रत्येक नवी आवृत्ती घेताना गठ्ठा आणि गिट ताडून पाहते आणि मधला फरक ओळन् ओळ वाचते. हजार ओळींच्या विस्तारात ते जमतं. मोठ्या प्रकल्पात एकट्यादुकट्याला ते जमणं अवघड आहे, आणि त्यासाठी आणखी माणसं लागतील हे डेबियनमधले सगळेच जाणतात.

काही विस्तारांची तर एकाच्या जागी दोन पॅकेजं करावी लागतात. इमॅक्समध्ये पीडीएफ दाखवणारं पीडीएफ-टूल्स हे चांगलं उदाहरण आहे. त्यात लिस्पचा भाग आहे आणि पॉपलर लायब्ररी वापरणारा, सी भाषेतला एक छोटा सर्व्हरही आहे. इमॅक्समधून घेतलं तर हा सर्व्हर वापरणाऱ्याच्या यंत्रावर कंपाइल व्हावा लागतो, म्हणजे कंपायलर आला, लायब्रऱ्यांच्या फाइली आल्या. डेबियनमध्ये लिस्पचं पॅकेज वेगळं आणि आधीच कंपाइल केलेल्या सर्व्हरचं वेगळं आहे. वापरणारा एक ओळ टाइप करतो आणि पुस्तक उघडतं.

वापरणाऱ्याला यातलं काय दिसतं? टर्मिनलमध्ये ॲप्टची कमांड दिली की दोन-चार ओळी सरकतात, त्यात एक असते विस्तार इमॅक्ससाठी बाइट-कंपाइल होत असल्याची. इमॅक्सचे विस्तार डेबियन वापरणाऱ्याच्या यंत्रावरच बाइट-कंपाइल करतं, कारण तिथं इमॅक्सची नेमकी कोणती आवृत्ती आहे हे तिथंच कळतं. इमॅक्स बदललं की सगळे विस्तार पुन्हा कंपाइल होतात. ती एक ओळ नीट सरकावी, तिच्याखाली इशाऱ्यांची रांग लागू नये, म्हणून तेराव्या आवृत्तीच्या आधी बरंच काम झालं. इमॅक्सची तिसावी आवृत्ती फेब्रुवारी 2025 मध्ये आली. फाइलच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल बाइंडिंगची खूण नसेल तर ही आवृत्ती कंपाइल करताना इशारा देते. जुन्या विस्तारांमध्ये ती खूण सर्रास नसते. खूण घालणं एका ओळीचं काम, पण तिच्यामुळे चलांची व्याप्ती बदलते, म्हणजे कोडचं वागणंही बदलू शकतं. त्यामुळे प्रत्येक फाइल वाचूनच ती घालावी लागते. सत्ताविसाव्या आवृत्तीत 'सीएल' ही जुनी लायब्ररी कालबाह्य ठरली तेव्हाही असंच झालं होतं. लेखक जिवंत आणि उत्साही असेल तर हे बदल त्याच्याकडून येतात. त्यानं विस्तार कधीच सोडून दिला असेल तर पॅकेज सांभाळणारा ते करतो, किंवा पॅकेज भांडारातून जातं.

पॅकेज जाणं नेहमी दुःखाचं नसतं. एकोणतिसाव्या आवृत्तीत, 2023 साली, यूझ-पॅकेज आणि एग्लॉट हे दोन विस्तार इमॅक्समध्येच सामावले गेले. त्यांची वेगळी पॅकेजं सांभाळण्याचं कारणच त्यामुळे हळूहळू संपलं, आणि ती सांभाळणाऱ्यांचा वेळ दुसऱ्या कामाला मोकळा झाला.

कंपनीतल्या त्या मुलाचं आणि तिचं बोलणं नंतरही अधूनमधून चालू राहिलं. त्यानं एकदा लिंटियन हे तपासणीचं साधन तिच्या पॅकेजवर चालवून पाहिलं आणि वर्णनातली एक लेखनाची चूक तिला दाखवली. "घे, मग पॅचही तूच कर," ती म्हणाली. त्यानं केला. चेंजलॉगमध्ये त्याचं नाव आलं.

लेखकानं क्रमवारीचा तिचा पॅच 1.5 मध्ये स्वीकारला, त्यामुळे पॅकेजमधून तो काढता आला. आता तिनं त्याच्यापुढे नवी मागणी ठेवली आहे. सूचीचं लोकेल यंत्रावरून न घेता दस्तऐवजात सांगता यावं, म्हणजे इंग्रजी यंत्रावर मराठी पुस्तिकेची सूची मराठी नियमांनी लावायची वाट खुली होईल. तुलनेचं फंक्शन लोकेलचं नाव घेतंच. ते वापरणाऱ्याकडून मागून त्याच्यापर्यंत पोचवायचं एवढंच काम आहे. लेखकानं चाचणीसाठी मराठी शब्दांची यादी मागितली. तिनं ती पाठवली आहे: जावक, जाळे, वसाहत, वहन, वळण, आणि क्ष व ज्ञ नं सुरू होणारे चार-चार शब्द.